‘किडनी ल्युपसने नाही, गोळ्यांनी जाते’ म्हणे!

परवा मावशीने फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकला, खाली हात जोडलेली खूण आणि माझं नाव. तुमच्याही ग्रुपवर फिरून गेला असेल. सार असं: ल्युपस हा मुळात कातडीचा आणि सांध्यांचा आजार, किडनी, हृदय, डोळे बिघडतात ते वर्षानुवर्षं पोटात गेलेल्या स्टेरॉइडने आणि एचसीक्यूने (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, ल्युपसची नेहमीची गोळी), म्हणून दुखायचं थांबलं की गोळ्या सोडा आणि गुळवेलीच्या काढ्याने प्रतिकारशक्ती वाढवा. मी ल्युपससोबत, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते त्या आजारासोबत, चौदा वर्षं काढली आहेत. मावशीला फोनवर समजावलं, पण मेसेज तेवढ्याने थांबत नाही.

आधी किडनी आणि हृदय. ल्युपसमध्ये हृदयाच्या झडपांवर गाठी येतात, हे लिबमन आणि सॅक्स या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९२४ मध्ये लिहून ठेवलं. त्याच शहरात १९३५ मध्ये ल्युपसने मेलेल्या रुग्णांच्या किडनीत गाळणीच्या केशवाहिन्या तारेच्या वेटोळ्यासारख्या जाड झालेल्या दिसल्या. आता कॉर्टिझोन माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं १९४८ मध्ये आणि एचसीक्यू बाजारात आली १९५५ मध्ये. जी गोळी जन्मालाच आली नव्हती तिने ही हृदयं आणि किडन्या कशा बिघडवल्या, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं. बिघाड करतात त्या आपल्याच डीएनएविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडी. त्या गाळणीत अडकतात, सूज येते, प्रोटीन लघवीवाटे गळायला लागतं. सूज वेळेत उतरली नाही तर तिथे व्रण होतो, आणि व्रण झालेली गाळणी परत गाळत नाही. ल्युपसच्या दहापैकी साधारण चौघांची किडनी कधी ना कधी यात सापडते.

‘दुखायचं थांबलं की सोडा’ हा मला सगळ्यात घातक मुद्दा वाटतो, कारण किडनी दुखतच नाही. आजाराच्या सहाव्या वर्षी माझे सांधे ठणठणीत होते, गालावर डाग नव्हता. फक्त फ्लश केल्यावरही कमोडमध्ये फेस रेंगाळायचा. मी आठवडाभर नवीन टॉयलेट क्लीनरला दोष दिला. संध्याकाळी मोज्याचा वळ घोट्यावर रुतलेला असायचा, तो उभं राहून काम केल्याने, अशी माझीच समजूत. मग डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी जमा करायला सांगितली. तो पांढरा कॅन दिवसभर बाथरूममध्ये, आणि घरातले सगळे त्याला वळसा घालून जाणारे! रिपोर्ट आला: दिवसाला १.८ ग्रॅम प्रोटीन. अर्ध्या ग्रॅमच्या वर गेलं की बायोप्सीचा, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासण्याचा, विचार होतो. बायोप्सीत चौथा वर्ग निघाला, म्हणजे किडनीच्या सुजेचा गंभीर प्रकार. अंगात एक ठणका नव्हता हो.

आणि बरं वाटत असताना गोळी सोडली तर काय होतं, हेही तपासून झालं आहे. कॅनडात आजार शांत असलेल्या ४७ जणांपैकी २५ जणांची एचसीक्यू चालू ठेवली, २२ जणांना तशीच दिसणारी खोटी गोळी दिली. सहा महिन्यांत खऱ्या गोळीवरच्या ९ जणांचा आजार उसळला, खोट्या गोळीवरच्या १६ जणांचा. हे १९९१ मध्ये छापून आलं आहे.

स्टेरॉइडच्या बाबतीत मात्र मेसेज अर्धा खरा आहे, आणि हे कबूल केलंच पाहिजे. ल्युपसमधलं कायमचं नुकसान मोजायला १९९६ मध्ये एक मोजपट्टी छापली गेली. शरीराच्या बारा विभागांत सहा महिन्यांहून जास्त टिकलेला बिघाड तीत मोजतात, आणि तो आजाराने झाला की औषधाने हे विचारत नाहीत. मोतीबिंदू, खुब्याचं हाड मरणं, ठिसूळ हाडं, मधुमेह, सगळं त्यात येतं. यातला मोतीबिंदू मी स्वतः कमावला आहे, डाव्या डोळ्यात, अडतिसाव्या वर्षी. म्हणून तर युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये सांगितलं की रोजचा प्रेडनिसोलोन (हेच ते स्टेरॉइड) पाच मिलीग्रॅमपर्यंत किंवा त्याखाली आणा, जमेल तेव्हा बंद करा. पण ते डॉक्टरांनी, पायरी पायरीने. बरेच दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीरातली स्वतःचं स्टेरॉइड बनवणारी ग्रंथी सुस्तावते. एकदम सोडलं तर रक्तदाब कोसळून जीवावर बेततं.

एचसीक्यूला त्याच पिशवीत कोंबणं चूक. ती डोळ्याच्या पडद्याला इजा करू शकते, पण वजनाच्या किलोमागे पाच मिलीग्रॅमच्या आत राहिलं तर पहिल्या दहा वर्षांत शंभरात दोघांनाही होत नाही. वीस वर्षांनंतर हा आकडा वीसच्या जवळ जातो, आणि किडनी अधू असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणूनच सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी. हनुवटी टेकवून अंधाऱ्या भांड्यात बघायचं, ठिपका चमकला की बटण दाबायचं. कंटाळवाणं आहे, पण तुम्हाला दिसण्यात फरक जाणवण्याआधी डॉक्टरांना कळतं. गंमत म्हणजे मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी याच गोळीचा साठा करा म्हणून आमच्याच ग्रुपवर मेसेज फिरत होते. तेव्हा मी चार मेडिकल पालथी घालून एक पाकीट मिळवलं. तेव्हा ती डोळे घालवत नव्हती वाटतं!

राहिला काढा. ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती कमी नसते, ती आपल्याच घरावर दगड मारत असते. तिला आणखी चेव कशाला? मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२० च्या शेवटी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली. आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता की वनस्पती ओळखण्यातच चूक झाली असावी. असेलही. पण मग काढ्यात नेमकी कुठली वेल पडली, हे घरी कोण ओळखणार?

मावशीने हे सगळं वाचलं आणि विचारलं, ‘मग हळदीचं दूध तरी चालेल ना?’ चालेल. गोळीनंतर.