उजेड फक्त वचनातूनच पसरतो का?

‘अंधाऱ्या जगात उजेड नेणे म्हणजे वचन सांगणे, सेवाकार्य दुय्यम’ हे तुमच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. (वचन म्हणजे बायबलमधला देवाचा शब्द.) बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशूने उजेडाची आज्ञा दिली, तिथेच लोकांनी तुमची सत्कर्मं पाहावीत असंही सांगितलं आहे. ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या पंडिता रमाबाईंकडेच पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, उपाशी, निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं केलं. तिथे अंध मुलींना ब्रेल शिकवलं जाई. १८९७ च्या प्लेगात पुण्यातल्या सरकारी प्लेग रुग्णालयात बायकांचे जे हाल होत होते, त्यावर त्यांनी वृत्तपत्रात उघड लिहिलं. ब्रिटिश सरकार ख्रिस्ती म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत! मला तर हाही उजेडच वाटतो.

आणि याच बाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. वचन आणि सेवा अशी फाळणी त्यांनी केलीच नाही. आमच्या चर्चच्या मंडळीतही मी पाहते, आजारपणात रात्री दवाखान्यात सोबतीला बसलेल्या बहिणीलाच लोक पुढे विचारतात, “तुम्ही प्रार्थना कशी करता?” लेखाच्या पुढच्या भागात अशा माणसांवर जरूर लिहा.