मनेंद्रगढचे शिंपले प्रलयाचे नाहीत, बर्फाळ समुद्राचे आहेत

एक मेसेज बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. छत्तीसगडात मनेंद्रगढला, समुद्र शेकडो किलोमीटर लांब असताना, दगडात समुद्री शिंपले सापडलेत, तेच शिंपले ऑस्ट्रेलियात आणि अर्जेंटिनात पण आहेत, म्हणजे एकदा अख्खी पृथ्वी प्रलयात बुडाली होती. आणि शेवटी, शिंपले गरम पाण्यातच राहतात, त्यामुळे भारतावर कधीकाळी बर्फ होता ही थाप आहे.

यातलं शिंपले सापडले एवढं खरं आहे. भूवैज्ञानिक एस. के. घोष यांनी 1954 मध्ये हसदेव नदीच्या काठावर ते शोधले, वय साधारण 28-29 कोटी वर्षं, आणि त्यातला मुख्य प्राणी म्हणजे युरीडेस्मा नावाचा, आता नामशेष झालेला शिंपला. बाकीचं एकेक बघू.

प्रलयाचं आधी. त्या थरात शिंपल्यांसोबत क्रिनॉइड (देठावर फुलासारखे दिसणारे समुद्री प्राणी) आणि ब्रायोझोआ (वसाहत करून राहणारे बारीक प्राणी) पण आहेत, हे प्राणी एका जागी चिकटून वाढतात आणि क्रिनॉइडला तर खारं पाणीच लागतं, पावसाच्या गढूळ पुरात ते जगणारच नाहीत. शिवाय थरांचा क्रम बघा ना, खाली तालचीर नावाच्या थरातले हिमनदीने आणलेले दगडगोटे, त्यावर हा समुद्री थर, आणि त्याच्याही वर बाराकर नावाच्या थरातला कोळसा ज्यात ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाची पानं मिळतात. एकाच पुरात सगळं वाहून आलं असतं तर सगळं एकमेकांत मिसळलेलं दिसलं असतं, पाना-झाडांचा कोळसा वेगळा आणि समुद्र वेगळा असा नीट रचलेला नाही.

जगभर तोच शिंपला, हा मुद्दा ऐकायला जोरदार वाटतो पण तो उलटाच पडतो. ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका, पाकिस्तानातली सॉल्ट रेंज आणि आपलं मनेंद्रगढ, हे सगळे तेव्हा गोंडवना या जुन्या महाखंडाचे तुकडे होते, एकमेकांना जोडलेले आणि दक्षिण ध्रुवाच्या बाजूला सरकलेले. त्याच काळात उत्तर अमेरिका विषुववृत्ताजवळ होती, तिथल्या उबदार समुद्राच्या चुनखडकात भरपूर जीवाश्म आहेत पण युरीडेस्मा नाही. सगळ्या जगावर एकच पाणी असतं तर हा तिथे का नाही?

आता गरम पाण्याचं, आणि हा गैरसमज का होतो ते मला कळतं, कारण आपल्याला तिसऱ्या-खुबे माहीत आहेत ते कोकणातल्या खाडीतले. पण अंटार्क्टिकात आजसुद्धा लॅटर्न्युला आणि अ‍ॅडाम्युसियम नावाचे शिंपले शून्याखालच्या पाण्यात, जवळजवळ उणे 2 अंशांत, मजेत जगतायत. थंड पाण्यात चुन्याचं कवच बनवणं जास्त कष्टाचं असतं हे खरं, म्हणून तर युरीडेस्मा मला इतका आवडतो, त्याचं कवच बिजागरीपाशी भयंकर जाड आणि जड आहे, उथळ खडबडीत तळावर लाटांत पडून राहायला ते वजन कामाचं. मनेंद्रगढला आणि सॉल्ट रेंजमध्येही तो हिमनदीच्या गोट्यांच्या थरावरच सापडतो. बर्फ वितळला, पाणी चढलं, समुद्राचा हात जमिनीत आत शिरला आणि हा त्यात राहायला आला.

आणि भारतावर बर्फ ही थाप म्हणणाऱ्यांसाठी आपल्या घरचा पुरावा. ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड या भूवैज्ञानिकांनी ओडिशातल्या तालचीरचे गोटे बर्फाने आणलेत असं 1856 मध्येच लिहिलं होतं, तेव्हा खूप लोकांना पटलं नाही. मग 1875 मध्ये फेडन या भूवैज्ञानिकाने चंद्रपूरजवळ इरईला तालचीरच्या थराखालचा चुनखडक दाखवला, त्यावर हिमनदीने ओढलेल्या दगडांचे समांतर ओरखडे. ज्या चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा 46-47 ला जातो तिथे! पाणी असे समांतर ओरखडे काढत नाही, दगड गच्च धरून सरकणारा बर्फच काढतो.

हसदेवच्या काठावर कधी गेलात तर नुसता शिंपल्यांचा फोटो काढून परत येऊ नका, खालचे गोटे पण बघा.