पोटात शीड, ओठात सल्ला

आमच्या यॉटचं मुख्य शीड डोलकाठीच्या पोटात राहतं. बाकीच्या नौकांची शिडं खाली उतरतात, बूमवर, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्यावर, घड्या घालून, पट्टे आवळून, वर कव्हर चढवून झोपतात. आमचं एक दोरी ओढली की काठीच्या उभ्या फटीतून आत गडप, दुसरी ओढली की बाहेर हजर. निदान माहितीपत्रकात तरी तसं होतं. त्यातल्या चित्रात पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली एक बाई एका हाताने दोरी ओढत होती आणि तिच्या दुसऱ्या हातात सरबताचा पेला होता. माझे दोन्ही हात विंचच्या, म्हणजे दोरी ओढायच्या रहाटाच्या, हँडलवर असतात. तिसरा असता तर तोही तिथेच लागला असता.

हे सुख फुकट नाही. शीड उभ्या दांडीभोवती गुंडाळायचं म्हटल्यावर त्यात आडवे बॅटन, म्हणजे शीड ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या, घालता येत नाहीत. बॅटन नाहीत म्हणजे शिडाची मागची कड, लीच, बाहेर फुगवून कापता येत नाही. आधाराशिवाय ती नुसती फडफडत बसेल. म्हणून शीड शिवणारा ती उलट आत खोलगट कापतो. या कापाकापीत नेहमीच्या शिडाच्या मानाने १० ते १५ टक्के क्षेत्रफळ, कधी त्याहूनही जास्त, गेलंच म्हणून समजा. आणि जातं तेही बरंचसं वरचं, जिथे वारा जास्त असतो. शिवाय वारा वाढला म्हणून शीड कमी केलं तरी त्याचं वजन डोलकाठीतच उभं राहतं, खाली बूमवर येत नाही. नौका कलंडायला निमित्तच शोधत असते, ते आम्ही तिला आयतं पुरवतो.

आमच्या शेजारी एका काकांची नौका असते. आमच्याहून लहान, पण शीड पारंपरिक, पूर्ण लांबीच्या बॅटनचं. वाऱ्याच्या तोंडावर जाताना ते आम्हाला मागे टाकतात. त्याचं काही नाही. पण टाकताना ते हात हलवतात.

हात हलवलेला दिसला की नवऱ्याला नवीन शीड घ्यावंसं वाटतं. उभ्या बॅटनचं. उभे बॅटन गुंडाळीबरोबर आत जातात आणि कापलेल्या कडेतला थोडा भाग परत मिळवून देतात, हे खरं. फटीत अडकायला आणखी एक वस्तू मिळवून देतात, हेही खरं. कापडाबद्दल मात्र मी त्याच्याशी भांडत नाही. आमचं डॅक्रॉन, म्हणजे शिडाचं पॉलिएस्टर कापड, ताण खाऊन खाऊन गुडघ्याशी फुगलेल्या पायजम्यासारखं झालंय. शिडाचा फुगवटा मधल्या रेषेच्या थोडा पुढे हवा; कापड ताणलं की तो मागे सरकतो आणि मग वारा नौकेला पुढे नेण्याऐवजी आडवी पाडायला बघतो. असलं कापड गुंडाळलं तरी जाडच होतं. सपाट कापलेलं, कमी ताणलं जाणारं शीड आलं तर दोन्ही दुखणी कमी होतील. येईल तेव्हा येईल. तोवर ज्या दोऱ्या आहेत त्यांच्यावरच भागवायचं, असा माझा पक्ष आहे, आणि दोऱ्या मीच ओढत असल्यामुळे माझ्या पक्षाला बहुमत आहे.

त्यातली पट्टराणी म्हणजे आउटहॉल. शिडाचं मागचं खालचं टोक बूमच्या शेवटाकडे खेचणारी दोरी. इतर नौकांवर शीड सपाट करायला डोलकाठी वाकवण्याचीही सोय असते. आमची वाकवायची नाही, कारण वाकली की आतली दांडी भिंतीला घासते. म्हणजे आमचा मुख्य भरवसा हिच्यावर. वाऱ्याच्या तोंडावर जाताना कच्चकन ओढायची, वाऱ्याला पाठ दिली की सैल सोडायची, म्हणजे शिडाला पोट सुटतं. हे इतकं सोपं आहे की कुणी करत नाही. बहुतेक जण शीड बाहेर आलं याच आनंदात दोरी क्लीटच्या खुंटीला अडकवतात आणि दिवसभर तिच्याकडे बघत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे लीचला वरच्या बाजूला शिवलेली रिबन. ती मागे सरळ वाहत असली तर वारा शिडावरून नीट जातोय. ती वळून शिडामागे लपली तर मेनशीट, म्हणजे बूम आत-बाहेर करणारी दोरी, फार आवळलंय. बहुतेक वेळ वाहती, अधूनमधून लपती, अशी असावी. ते जमवायला शीट थोडं सैल सोडायचं आणि ट्रॅव्हलर, म्हणजे त्या दोरीचं रुळावर सरकणारं टोक, वाऱ्याच्या बाजूला ओढून घ्यायचा, म्हणजे बूम मध्याजवळ राहते आणि शिडाचा वरचा भाग मोकळा होतो. मी हे करत असते तेव्हा नवरा सुकाणूवरून विचारतो, "अगं, काय करतेस? वेग वाढला आपोआप!"

आपोआप.

त्याचा मुद्दा पुरता खोडता येत नाही, कारण खरी गंमत पुढेच आहे. आमचं शीड हवं तेवढंच गुंडाळता येतं, ठरावीक टप्पे नाहीत. वारा चढला, नौका झुकली, सुकाणू जड झालं की थोडं आत घ्यायचं आणि आउटहॉल पुन्हा ताणायचा. नौका सरळ होते आणि कमी शिडावर जास्त पळते. पण शीड कमी करणं म्हणजे माघार, अशी नवऱ्याची समजूत आहे. तो दोन्ही हातांनी सुकाणूशी झोंबत, घामाघूम होऊन सांगतो, "काही नाही, मस्त चाललंय." त्याच वेळी खाली कपाटातली भांडी एका बाजूने दुसऱ्या बाजूला जात असतात.

हे सगळं झालं बाहेर असलेल्या शिडाबद्दल. आत घेताना शीड आपला हिशेब चुकता करतं. आधी बूमची उंची बघायची, कारण चुकीच्या कोनात गुंडाळी खाली किंवा वर जाऊन साठते. बॅकस्टे, डोलकाठीला मागून ताणणारी तार, सैल करायचा, म्हणजे डोलकाठी सरळ. नौकेचं तोंड जवळजवळ वाऱ्यात, पण पूर्ण नाही. दांडी ज्या बाजूने गुंडाळते त्याप्रमाणे वारा किंचित एका बाजूने घ्यायचा, म्हणजे कापड फटीच्या ओठाला न घासता आत जातं. आणि आउटहॉल सोडताना त्यावर हलका ताण ठेवायचा. सोडायचाही आणि धरायचाही. हे वाक्य समजायला मला बराच काळ लागला. नवऱ्याला ते अजून वाक्यच वाटत नाही.

मग मध्येच 'टक्' असा आवाज येतो. शीड अर्ध्यावर थांबतं. फटीच्या तोंडाशी कापडाची एक घडी दुहेरी होऊन बसलेली असते, अंगठ्याएवढी.

"ओढ ना!" नवरा.

"ओढायचं नाहीये. परत बाहेर काढायचंय."

"बाहेर? आपण आत घेतोय ना?"

इथे जोर लावणं हाच खरा अपघात. इलेक्ट्रिक विंच असेल तर विचारूच नका, तिला अडकलंय हे कळत नाही. ती निमूटपणे कापड फाडून मोकळी होते. थोडं बाहेर काढायचं, ताण द्यायचा, घडी सुटली की पुन्हा आत. तेवढ्यात नांगर टाकून बसलेल्या प्रत्येक नौकेवरून मंडळी डेकवर येतात. एरवी कुणाचं लक्ष नसतं.

वाऱ्याच्या तोंडावर काका आजही पुढेच असतात, पण अंतर कमी झालंय. परवा ते हात हलवायला विसरले. आम्ही मागोमाग पोचलो तेव्हा ते केबिनच्या छतावर गुडघे टेकून, दोन्ही हातांनी शिडाला मिठी मारून, दातांत पट्टा धरून उभ्या वाऱ्याशी लढत होते. आम्ही नौका वळवली, मी गुंडाळायला घेतलं. त्यांनी तोंडातला पट्टा काढला.

"बॅकस्टे सैल केलात का?"

"केलाय, काका."

"आणि बूम?"

तेवढ्यात एक झुळूक आली आणि त्यांच्या शिडाची वरची घडी सुटून त्यांच्या डोक्यावर बसली. काका दिसेनासे झाले. आतून आवाज तेवढा आला, "आउटहॉलवर ताण ठेवा!"