सोडा, मेथी आणि सराफाचा काटा

‘कार्बन डायऑक्साइडचा वनस्पतींच्या वाढीवर होणारा परिणाम’ हा विषय नववीच्या मुलांना शाळेच्या प्रकल्पासाठी देण्यामागचा हेतू निःसंशय उदात्त असणार. परंतु त्या कागदाच्या तळाशी ‘पालकांची मदत घेऊ नये’ अशी जी ओळ असते, तिचा खरा अर्थ ठाण्यातील प्रत्येक पालकाला पाठ असतो. त्यामुळे आमच्या नौपाड्यातील घराची गॅलरी वाळत घातलेल्या कपड्यांसकट प्रयोगशाळा म्हणून जाहीर झाली.

पहिला वाद पिकावरून झाला. सोसायटीच्या माळ्याने मका सुचवला. मका, ऊस, ज्वारी या मंडळींच्या पानांत हा वायू आधीच एकवटून घेण्याची सोय असल्याने त्यांना जादा पुरवठ्याचे फारसे अप्रूप नसते, असे कन्येने त्याला समजावले. मूग, गहू, भात, मेथी यांच्याकडे ती सोय नाही. यांपैकी मेथीला माझ्या आईने तात्काळ पाठिंबा दिला, आणि त्यामागे शास्त्रीय कारण नव्हते हे आम्हांला पुढे कळायचे होते.

पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे रिकामे जार तळ कापून कुंड्यांवर घालायचे आणि एकात खाण्याचा सोडा व व्हिनेगर यांपासून वायू सोडायचा, अशी योजना ठरली. मी उत्साहाने चमचाभर सोडा काढला, तेव्हा कन्येने माझा हात धरून हिशेब मांडला. बाहेरच्या हवेत हा वायू सुमारे ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग, असतो, हरितगृहवाले तो साधारण १००० पर्यंत नेतात, आणि माझा चमचा त्या जारमध्ये साठ हजारांच्या पुढे मजल मारणार होता. आवश्यक सोडा होता ०.०४ ग्रॅम! आमच्या स्वयंपाकघरातील सर्वांत सूक्ष्म माप ‘चिमूट’ हे असून तेही आईच्या बोटांना सांधेदुखी झाल्यापासून वाढलेले आहे.

अखेर गोखले रोडवरील एका सराफाकडे जाऊन, मंगळसूत्र पाहायला आलेल्या कुटुंबाच्या मागे रांगेत उभे राहून, आम्ही एक ग्रॅम सोडा काट्यावर तोलून घेतला. सराफाने घडणावळ घेतली नाही. तो सोडा लिटरभर पाण्यात विरघळवून त्यातले ४० मिलिलिटर रोज सकाळी वापरायचे, ही युक्ती कन्येची. दुसऱ्या जारमध्येही तेवढेच पाणी व तेवढेच व्हिनेगर ठेवायचे, मात्र सोड्याविना. नाहीतर फरक वायूचा की आंबट वाफेचा हे कोण सांगणार? इतक्या विरळ द्रावणातून वायू गुपचूप निघून जातो, बुडबुडा म्हणून दिसत नाही. “फेससुद्धा येत नाही, हा कसला प्रयोग?” असे म्हणून शेजारच्या काकू निराश होऊन परतल्या.

त्या परतल्या हे बरेच झाले, कारण माणसाच्या उच्छ्वासात हा वायू सुमारे चार टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम असतो, आणि काकू जारपाशी वाकून सविस्तर बोलत होत्या. वायू पुरवणे सोपे आहे. तो एका कुंडीपुरता ठेवणे भरल्या घरात महाकठीण आहे. जार उचलण्याच्या वेळी गॅलरीत श्वास रोखून वावरावे, असा नियम झाला आणि तो फक्त मला लागू झाला.

खरा स्फोट मोजमापावरून झाला. उंची फसवी असते, म्हणून रोपे वाळवून त्यांचे शुष्क वजन घ्यायचे होते. सतराव्या शतकात व्हान हेल्माँट या शास्त्रज्ञाने विलोचे झाड पाच वर्षे वाढवून, माती पुन्हा तोलून, झाड केवळ पाण्यावर वाढते असा निष्कर्ष काढला. जळत्या कोळशातून निघणारा हाच वायू त्याला परिचित होता, पण झाड तो खाते हे त्याच्या ध्यानात आले नाही. ही कथा मी रंगवून सांगत असताना आईला ‘वाळवणे’ एवढाच शब्द ऐकू आला.

“म्हणजे ठेपले नाहीत?” तिने विचारले.

वाटाघाटींनंतर जारविना उघडी राहणारी तिसरी कुंडी मान्य झाली. कन्येने ती लगेच वहीत चढवली, कारण जारमधल्या उष्णतेचा आणि दमटपणाचा परिणाम वेगळा काढायला अशी कुंडी हवीच होती. सध्या तीच सर्वांत तरारलेली आहे. आजी तिला गुपचूप तांदळाचे धुवण घालते, अशी नोंद ‘निरीक्षणे’ या सदरात असून तिच्याखाली आजीची सही घेतलेली आहे.