‘लंगडी गाय’ म्हणणाऱ्या वाचकास

अनामिक महाशय,

आयरिश जॅझ गिटारवादक लुई स्टुअर्टवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चार ओळी खरडल्यात. आधी चूक कबूल करतो. स्टुअर्टचा जन्म १९४४चा, वॉटरफर्डचा. डब्लिनमध्ये तो वाढला. मी जन्मही डब्लिनलाच लिहिला होता. दुरुस्त केलंय, आभार. मात्र ‘एवढंही धड माहीत नाही?’ हे शेपूट नसतं, तरी मला समजलं असतं.

आता तुमचं ते वाक्य. ‘वासरांत लंगडी गाय शहाणी! खरा मोठा असता तर डब्लिनला कशाला राहिला असता, न्यूयॉर्कला गेला असता.’

उचलली जीभ लावली टाळ्याला! १९६८ साली स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या जॅझ महोत्सवात पत्रकारांनी त्याला युरोपातला उत्कृष्ट एकलवादक ठरवलं. अमेरिकेचा नामवंत क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनने युरोपच्या दौऱ्यांवर नेलं. सत्तरच्या दशकात लंडनला सॅक्सोफोनवादक रॉनी स्कॉटच्या संचात होता. मग पियानोवादक जॉर्ज शिअरिंगच्या त्रिकुटात, शेजारी बासवर डेन्मार्कचा नील्स-हेनिंग पेडरसन. ही तुमची वासरं का? आणि एवढं करून हा माणूस परत डब्लिनला येऊन जे. जे. स्मिथ्स पबच्या माडीवर वाजवायचा. मला तरी यात लंगडेपणा दिसत नाही.

मी अकरा वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली आहे, तीही सोलापुरात राहून. ‘मुंबईला का नाही गेलास?’ हे मीही पुष्कळ ऐकलंय, बहुतेक वेळा गिटार कधी हातात न धरलेल्यांकडून. स्टुअर्टची ‘आउट ऑन हिज ओन’ ही ध्वनिमुद्रिका मित्राने कॅसेटवर भरून दिली होती. ना ड्रम, ना बास, नुसती गिटार. दोन-दोन मात्रा ऐकायच्या, थांबवायचं, मागे न्यायचं. शेवटी प्लेचं बटण खाली राहीना, तर फटीत आगकाडी खोचली. ते करून बघा, मग गायी-वासरांवर बोलू.

(माझी तुलना स्टुअर्टशी करत नाहीये. तेही म्हणाल, म्हणून आधीच लिहून ठेवतो.)

‘वाजवण्याच्या शैलीबद्दल अक्षर नाही, नुसती बक्षिसांची आणि नावांची यादी’ असंही तुम्ही म्हटलंय. असेल. त्यावर पुन्हा कधीतरी, सवड झाली तर.

आणि हो, १९९८ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने त्याला मानद डॉक्टरेट दिली. तुम्ही त्यांनाही त्यांची चूक कळवली असेलच.