खुलासा: .२२३ च्या रायफलमध्ये ५.५६ ची काडतुसे घालू नका

अमेरिकेत प्रेअरी डॉग (बिळात राहणारा, खारीच्या जातीचा प्राणी) किंवा कायोटी (लांडग्यासारखा, पण लहान प्राणी) यांच्या शिकारीसाठी पहिली रायफल घेणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: ".२२३ आणि ५.५६ एकच. स्वस्त .२२३ बोल्ट-ॲक्शन घ्या, मिळतील ती काडतुसे वापरा."

हे धोक्याचं आहे. दोन्ही काडतुसांची बाहेरची मापं जवळपास सारखी, म्हणून ५.५६ हे .२२३ च्या चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं ती जागा) बिनतक्रार बसतं आणि गफलत लक्षातच येत नाही. पण ५.५६ च्या चेंबरपुढे गोळी रायफलिंगला (नळीच्या आतल्या पिळदार खाचांना) भिडेपर्यंत जास्त मोकळी जागा असते. .२२३ मध्ये ती कमी, त्यामुळे दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो: प्रायमर (काडतुसाच्या बुडाची, ठिणगी देणारी टोपी) निखळतो, केस (काडतुसाचं कवच) अडकते, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) उघडत नाही. अमेरिकी उत्पादकांची मानक संस्था 'सामी' ही जोडी असुरक्षित ठरवते. उलट, ५.५६ च्या चेंबरमध्ये .२२३ चालतं. नळीवर कोरलेलं वाचा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

स्वस्त .२२३ घ्या हा सल्ला मात्र बरोबर. या शिकारीला ४० ते ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक), लागताच फुटणारी गोळी पुरते आणि १:९ पिळाची (९ इंचांत खाचांचा एक फेरा) नळी ती उत्तम सांभाळते. वाचलेले पैसे स्कोप (नेम धरायची दुर्बीण) आणि माउंटवर (ती बसवायच्या पकडीवर) घाला.

जुना मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासा आवर्जून पाठवा.