फ्लोराइड पाण्यातलं आणि पेस्टमधलं : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

टूथपेस्ट कशी निवडावी, या माझ्या लेखावर तुम्ही रागावून लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : “आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फ्लोराइडने पोरांचे दात तपकिरी केले आणि तुम्ही फ्लोराइडचीच पेस्ट घ्या म्हणता, हा कंपन्यांचा प्रचार आहे. माझ्या आजीने जन्मभर राखुंडी आणि कडुलिंबाची काडी वापरली, तरी ऐंशीव्या वर्षी तिचे दात शाबूत होते. ट्यूबच्या तळाशी हिरवी पट्टी असेल ती पेस्ट नैसर्गिक, एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं.”

पहिल्या मुद्द्यावर तुमचा राग रास्त आहे. लेख लिहिताना माझ्यासमोर नळाचं पाणी पिणारी माणसं होती. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या, फ्लोराइड जास्त असलेल्या बोअरच्या पाण्याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. दातांच्या डॉक्टरने ही चूक करायला नको होती. आज लेखात ती भर घातली आहे.

पण दात तपकिरी होतात ते पोटात गेलेल्या फ्लोराइडमुळे. कायमचे दात हिरडीखाली, हाडात घडत असतात तेव्हा, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, मुलाच्या पोटात फ्लोराइड जास्त गेलं तर इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, सदोष बनतं आणि दात उगवतो तोच पांढुरके चट्टे किंवा डाग घेऊन. मोठ्या माणसाला पेस्टमुळे असे डाग पडूच शकत नाहीत, कारण त्याचे दात घडून कधीच झालेले असतात.

आता हिशेब करू. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. समजा एखाद्या बोअरमध्ये ते तीन मिलिग्रॅम आहे. उन्हाळ्यात शेतात राबणारा माणूस दिवसाला तीन लिटर पाणी सहज पितो, म्हणजे नऊ मिलिग्रॅम झालं. आपल्याकडे पेस्टमध्ये कायद्याने जास्तीत जास्त १००० पीपीएम फ्लोराइड चालतं, म्हणजे एका ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅम. वाटाण्याएवढी पेस्ट पाव ग्रॅमच्या आसपास भरते. दोन वेळची सगळी पेस्ट गिळली तरी अर्धा मिलिग्रॅम, आणि आपण तर ती थुंकतो. दोष पाण्याचा आहे, सर, आणि पेस्ट बदलून तो जाणार नाही. पाणी उकळूनही जात नाही; वाफ उडते, फ्लोराइड मागे राहतं. साध्या कँडलच्या फिल्टरचाही उपयोग नाही.

मग पेस्टमध्ये फ्लोराइड हवंच कशाला? गोड खाल्लं की तोंडातले जिवाणू आम्ल तयार करतात आणि इनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात. लाळ ती पुन्हा भरून काढत असते. दाताच्या पृष्ठभागावर फ्लोराइड असेल तर ही भरपाई लवकर होते आणि नव्याने बसलेला थर आम्लाला अधिक टिकतो. म्हणजे हे वरून लावण्याचं औषध आहे. डाग पडलेल्या दातांनाही कीड लागते. तशा दाढा मी भरल्या आहेत.

तुमच्या भागासाठी मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. तरुण मुलं-मुली, विशेषतः लग्न ठरायच्या वयात, हे डाग घासून काढायला कोळशाची नाहीतर दात पांढरे करणारी पेस्ट आणतात आणि जोर लावून घासतात. डाग इनॅमलच्या आत असतो, तो हलत नाही. झिजतं ते इनॅमल, मग गार पाणी लागलं की कळ येते. डाग सौम्य असतील तर दवाखान्यात त्यावर उपचार होतात. कृपा करून तुमच्या विद्यार्थ्यांना हे सांगा.

आजींबद्दल आदर ठेवून लिहिते. त्यांच्या ताटात भाकरी होती. दिवसातून चार वेळा बिस्किट, चॉकलेट, साखरेचा चहा नव्हता. माझ्या मते दात टिकले ते त्यामुळे. कडुलिंबाची काडी नीट चावून कुंचल्यासारखी केली तर दात स्वच्छ होतात, मी तिला नावं ठेवणार नाही. राखुंडीचं मात्र तसं नाही. वर्षानुवर्षं राख किंवा लाल मंजन बोटाने रगडणाऱ्यांचे दात हिरडीजवळ खाच पडल्यासारखे झिजलेले दिसतात. आणि जुनं ते चांगलं म्हणताना मशेरीही आठवावी लागते. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, तरी घरच्या तव्यावर तंबाखू भाजून ती दाताला लावणाऱ्या बायका आजही माझ्याकडे येतात. हिरड्या सुटलेल्या असतात, गालाच्या आत पांढरा चट्टा असतो. तो चट्टा दिसला की मला धडकी भरते.

हिरव्या पट्टीला काही अर्थ नाही. ट्यूब कुठे कापायची, कुठे चिकटवायची हे यंत्राला कळावं म्हणून ती खूण छापतात. वाचायचा तो बारीक मजकूर : सोडियम फ्लोराइड किंवा सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट लिहिलंय का, पीपीएम किती, वापरायची मुदत संपली का. मूळ लेखात मी एकाही कंपनीचं नाव घेतलं नव्हतं, इथेही घेत नाही. दहा-वीस रुपयांच्या ट्यूबवर फ्लोराइडची ही नावं असतील तर ती महागड्या ट्यूबइतकीच कामाची.

लहान मुलांचं मात्र तुमच्याकडे वेगळं बघावं लागेल. पाण्यातच फ्लोराइड जास्त असेल आणि मुलाला अजून थुंकता येत नसेल, तर तोवर बिनफ्लोराइडची पेस्ट चालेल. थुंकता यायला लागलं की वाटाण्याएवढी, आणि ती आईबापांनी स्वतःच्या हाताने ब्रशवर लावून द्यावी. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नाही.

भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. तुमच्या शाळेच्या बोअरचा अहवाल आला की फ्लोराइडचा आकडा इथेच खाली लिहा. तो बघून पहिली-दुसरीच्या मुलांसाठी काय करायचं ते मी तुम्हाला नेमकं सांगते.